पिकमिनचं फूल : शंभर रोपांच्या प्रकल्पनोंदी

२२ सप्टेंबर. काय करायचंय

निन्टेन्डोचा ‘पिकमिन’ हा खेळ २६ ऑक्टोबर २००१ रोजी जपानमध्ये गेमक्यूब या कन्सोलवर आला. त्याच्या जाहिरातीसाठी सिंजेंटा सीड्सने बाकोपाचं एक खरंखुरं पांढरं फूलझाड बाजारात आणलं होतं. जात ‘बाकोपा कबाना’, नाव पिकमिनचं. पिकमिन म्हणजे खेळातले रोपासारखे चिमुकले जीव; त्यांच्या डोक्यावर आधी पान असतं, मग कळी, मग पाच पाकळ्यांचं पांढरं फूल. बाकोपाचं फूलही पांढरं आणि पाच पाकळ्यांचं असतं, म्हणून ही निवड.

ते लेबल लावलेलं रोप आता दुकानात मिळत नाही. पण तसलाच पांढरा बाकोपा तोक्योतल्या कुठल्याही रोपांच्या दुकानात सप्टेंबरअखेरीस आणि पुन्हा मार्चमध्ये येतो. निशी-कासाईच्या बाल्कनीत त्याच्यापासून खेळातला देखावा उभा करायचा आहे. खेळात एका वेळी जास्तीत जास्त १०० पिकमिन मैदानात असतात, म्हणून रोपं १००. पहिल्या भागात पिकमिन लाल, पिवळे आणि निळे आहेत, तेवढेच तीन रंग घ्यायचे. खेळ ३० दिवसांचा, म्हणून मांडणीही ३० दिवस टिकायला हवी. मुहूर्त २९ एप्रिल, गोल्डन वीक या जपानी सुट्ट्यांच्या आठवड्याची सुरुवात.

मापाची सोय आयतीच आहे. खेळातला कॅप्टन ऑलिमार जेमतेम २ सेंमी उंच, पिकमिनही साधारण त्याच मापाचे. बाकोपाचं फूल १ ते १.५ सेंमीचं भरतं. म्हणजे मोठं किंवा लहान काही करावं लागणार नाही, देखावा खऱ्या मापातच होईल. हे जमण्यासारखं दुसरं कुंडीतलं फूल पटकन आठवत नाही.

२३ सप्टेंबर. नावाचा घोळ

‘बाकोपा’ हे व्यापारातलं नाव. झाडाचं आताचं शास्त्रीय नाव किनोस्टोमा कॉर्डाटम, त्याआधीचं सुतेरा कॉर्डाटा. जपानी लेबलवर कधी ‘बाकोपा’ असतं तर कधी ‘सुतेरा’, झाड एकच. मूळचं दक्षिण आफ्रिकेतल्या केप भागातलं, रानाच्या कडेला ओलसर सावलीत जमिनीवर पसरणारं.

वनस्पतिशास्त्रातली खरी बाकोपा प्रजाती निराळी आहे. तिच्यातली बाकोपा मोनिएरी म्हणजे आपली नीरब्राह्मी. (मराठी घरांत ब्राह्मी म्हणून कारिवणाही दाखवतात, तो घोळ वेगळाच.) हे टोपलीतलं फूलझाड ब्राह्मी नव्हे. त्याची पानं तेलात उकळू नयेत, काढ्यातही घालू नयेत. कुंडीला लेबल लावताना ही ओळ मराठीत लिहायची, कारण घरी येणारा प्रत्येक मराठी पाहुणा हाच प्रश्न विचारणार.

२४ सप्टेंबर. रोपखरेदी

९ सेंमी कुंडीतली पांढरी रोपं तीन घेतली. निवडताना पाहिलेल्या गोष्टी: कुंडी हातात जड लागते का, बुडाच्या भोकातून दिसणारी मुळं पांढरी आहेत का, आतली पानं पिवळी आहेत का. फुलं किती आहेत ते पाहिलं नाही. फुलांनी लगडलेलं पण कोरडं रोप घरी आणलं की चार दिवसांत सगळी फुलं टाकतं.

टॅगची मागची बाजू वाचूनच रोप घ्यावं. जपानच्या रोप-वाण कायद्यानुसार नोंदणीकृत वाणाच्या टॅगवर ‘पीव्हीपी’ची, म्हणजे वाण-संरक्षणाची, खूण असते. अशा वाणाची घरच्या हौसेपुरती छाट कलमं करता येतात, पण ती दुसऱ्याला देता येत नाहीत, फुकटही नाही. इथे शेवटी रोपं वाटायची आहेत, म्हणून खूण नसलेला जुना पांढरा प्रकार घेतला. नव्या वाणांची फुलं टपोरी असतात, तो मोह सोडला.

२९ सप्टेंबर. मातृरोपांची कुंडी बदलली

१५ सेंमीच्या कुंड्या. मिश्रण: बारीक अकादामा (जपानी लाल मातीचे दाणे) ५ भाग, पानांचं कुजलेलं खत ३, सामू (पीएच) जुळवलेला पीट मॉस २. जपानमध्ये पीट मॉस दोन तऱ्हेचा मिळतो, सामू जुळवलेला आणि न जुळवलेला. न जुळवलेल्याचा सामू ४ च्या आसपास असतो. पिशवीवर नीट वाचून घ्यावं.

मुळांचा गोळा मोडला नाही, फक्त तळाची गुंडाळलेली मुळं सोडवली. सगळे शेंडे एकेक पेर खुडून टाकले. फुलं गेली, पण आता फुलं नकोतच, फुटवे हवेत.

१२ ऑक्टोबर. पहिली छाट, चाचणीपुरती

तिन्ही रोपांचे मिळून ३६ शेंडे घेतले. लांबी ४ सेंमी, तीन पेरं. खालच्या पेराची पानं काढली आणि फूल-कळी सगळी काढली. कळी ठेवली तर छाट मुळं धरण्याऐवजी तिच्यावरच जोर लावते.

तीन माध्यमं, प्रत्येकी १२ छाट:

नुसतं व्हर्मिक्युलाइट.
नुसता बारीक अकादामा.
पीट, पर्लाइट, व्हर्मिक्युलाइट समभाग.

मुळं फुटायची पावडर लावली नाही. बाकोपाला तिची गरज पडत नाही. वर पारदर्शक झाकण, खोलीचं तापमान २० ते २२ अंश, थेट ऊन नाही.

२४ ऑक्टोबर. निकाल

बारा दिवसांत मुळं: व्हर्मिक्युलाइट ११, अकादामा ९, मिश्रण १२. व्हर्मिक्युलाइटमध्ये मुळं लवकर दिसली, पण काढताना माध्यम गळून पडतं आणि मुळं तुटतात. मिश्रणाचा प्लग, म्हणजे मुळांसकट मातीचा गोळा, अखंड निघतो. यापुढे मिश्रणच.

अकादामातली तीन छाट खालून काळी पडून गेली. कारण अकादामा नव्हे, झाकण. आतल्या बाजूला जमलेले थेंब सतत त्याच कोपऱ्यात पडत होते. चौथ्या दिवसापासून झाकण रोज सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं उघडायला हवं आणि सातव्या दिवशी कायमचं काढायला हवं. बाकोपाची छाट कोरडी पडून मरते त्यापेक्षा जास्त वेळा कुजून मरते.

२ नोव्हेंबर. झाड आणि खेळ कुठे जुळत नाहीत

चाचणीतली रोपं हाताशी आल्यावर खरी अडचण समोर आली. खेळातला पिकमिन जमिनीत पुरलेला असतो, वर सरळ देठ आणि देठाच्या टोकावर एक पान, कळी किंवा फूल. बाकोपा यातलं एकही करत नाही.

तो सरळ उभा राहत नाही, पसरतो.

त्याचं फूल टोकावर येत नाही, पानाच्या बेचक्यात येतं. टोकाला कायम कोवळा शेंडा असतो.

पानं समोरासमोर जोडीने येतात. खेळात डोक्यावर एकच पान.

तेव्हा रोप ‘घडवावं’ लागेल. करून पाहिलेली रीत अशी: बेचक्यातली कळी मोठी होऊन पांढरी दिसू लागली की तिच्या लगेच वरून शेंडा बारीक कात्रीने कापायचा. त्या पेराची दोन्ही पानं देठाला लागून काढायची. खालच्या पेराचीही पानं काढायची, कारण एक कांडं १ ते १.५ सेंमीचंच असतं आणि मोकळा देठ २.५ सेंमी हवा. कळीचा स्वतःचा देठ दोन दिवसांत उजेडाकडे वळतो आणि फूल टोकावरच आल्यासारखं दिसतं. कात्रीऐवजी नखाने खुडलं तर कळीचा देठ चिरडतो. सहापैकी दोन असे गेले.

‘पान’ अवस्थेसाठी वरच्या जोडीतलं एक पान आणि मधला शेंडा काढला. बेचक्यातून तीन-चार दिवसांत नवा फुटवा येतो, तो दर तिसऱ्या दिवशी चिमट्याने काढत राहावं लागेल.

सगळी पानं काढलेलं रोप मात्र दहा दिवसांत मान टाकतं, हे उघड आहे. म्हणून जमिनीलगतच्या दोन जोड्यांना हात लावायचा नाही. त्या मातीवर आडव्या पसरल्या की झाडाचं जेवण चालू राहतं, आणि तिथून येणारे फुटवे पुढच्या फुलांची राखीव फौज.

१६ नोव्हेंबर. अंगं

पिकमिनचं अंग म्हणजे एक पोकळ मणी. देठ मातीतून वर येतो, मण्यातून जातो, डोक्यातून बाहेर निघतो. उंची २२ मिमी, जाडी १२ मिमी, मधलं भोक ६ मिमी. मागच्या बाजूला वरपासून खालपर्यंत ३.५ मिमीची फट, म्हणजे देठ बाजूने सरकवता येतो. फुलासकट देठ वरून ओवायला गेलं तर फूल जातं.

पहिले दहा मणी दगडाच्या भुकटीच्या मातीचे केले, हवेत वाळणारे. ॲक्रिलिक रंग, वर दोन हात वार्निश. ओल्या कोकोपीटवर आठ दिवस ठेवले तर पाय फुगले आणि रंग सोलला. वार्निश बाहेरून होतं, भोकाच्या आत कोणी लावलंच नव्हतं.

मग ओव्हनमध्ये भाजायची पॉलिमर माती घेतली. एका अंगाला साधारण ३.४ ग्रॅम लागते. ५६ ग्रॅमच्या ८ वड्यांत १०० अंगं होऊन थोडी उरते. लाल ३४, पिवळे ३३, निळे ३३. भोकासाठी ६ मिमीच्या बांबूच्या काडीवर मळून, काडीसकट भाजलं. पाकिटावर लिहिलेलं तापमानच पाळावं, आमच्या मातीला १२० अंश, ३० मिनिटं. १४० ला पिवळा रंग तपकिरी झाला. पायाशी ३ मिमीचे दोन खुंट ठेवले, म्हणजे अंग मातीला सपाट टेकत नाही आणि खालून हवा जाते. हे खुंट शोभेचे नाहीत. खुंट नसलेल्या नमुन्यात देठ आतून ओला राहून राखाडी बुरशी धरली होती.

पहिल्या नमुन्यात देठाला आधार म्हणून हिरवी तार वापरली होती. वाऱ्याने देठ तारेवर घासून कापला गेला. अंग हाच आधार पुरतो, तार काढून टाकली.

१४ डिसेंबर

मातृरोपं आता ३ जुनी आणि चाचणीतली निवडक ९. सगळी भिंतीलगत, जमिनीपासून वर लाकडी फळीवर. बाकोपा हलकं हिम सोसतो, तोक्योच्या बाल्कनीत हिवाळा काढायला हरकत नाही. पाणी सकाळीच द्यायचं, संध्याकाळी नाही.

११ जानेवारी. पिवळी पानं

चाचणीतल्या नऊपैकी पाच रोपांची नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या. जुनी पानं ठीक. नवीन पानावर असं दिसलं की नत्राची नव्हे, लोहाची कमतरता.

लोह मातीत होतं, झाडाला उचलता येत नव्हतं. मातीचा सामू मोजला (१ भाग माती, २ भाग शुद्ध पाणी, अर्धा तास थांबून): ६.८. बाकोपाला ५.६ ते ६.० हवा, ६.२ च्या वर गेला की हा पिवळेपणा येतो. ही पाच रोपं ज्या कुंड्यांत होती त्यांच्या मिश्रणात टोमॅटोसाठी म्हणून मॅग्नेशियमयुक्त चुना आधीच घातलेला होता. जुळवलेल्या पीटला वरून चुना लागत नाही.

उपाय: डीटीपीए चिलेटेड लोह, लिटरला ०.२ ग्रॅम, कुंडीतून निथळेपर्यंत. पानांवर सांडलेलं लगेच साध्या पाण्याने धुतलं, नाहीतर पानांवर काळे डाग पडतात. साधं हिराकस स्वस्त असतं, पण इतक्या सामूला त्यातलं लोह मातीत अडकून बसतं.

२५ जानेवारी

नवी पानं हिरवी. जी पिवळी झाली ती पिवळीच राहणार.

१६ फेब्रुवारी. मावा

कोवळ्या शेंड्यांवर हिरवा मावा. पानं हृदयाच्या आकाराची, दाट, त्यामुळे वरून काहीच दिसत नाही. खालची चिकट फळी पाहून कळलं. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तीन दिवस रोज धुतलं, मग पोटॅशियम साबणाचं द्रावण, पानांच्या खालून. मार्चमध्ये छाट घ्यायची आहे, छाटेबरोबर मावा ट्रेमध्ये गेला तर बंद झाकणाखाली आठ दिवसांत सगळ्यांवर पसरेल.

२३ फेब्रुवारी

सर्व मातृरोपं निम्म्याने छाटली. ६-१०-५ प्रमाणाचं द्रवखत १००० पट पाण्यात घातलं तर लिटरला नत्र साधारण ६० मिलिग्रॅमच पडतं. बाकोपा खादाड आहे, त्याला ते पुरत नाही. ५०० पट केलं, आठवड्यातून एकदा. फुटवे आले की पुन्हा मोजू.

१५ मार्च. मुख्य छाट

७२ कप्प्यांचे दोन ट्रे, एकूण १४४ छाट. लागणार १०० च, पण ‘घडवताना’ सहातले दोन जातात हे नोव्हेंबरात पाहिलं आहे, म्हणून ४४ जादा. रोपवाटिकेत दाट टोपली लवकर भरावी म्हणून एका कप्प्यात दोन-तीन छाट खोचतात. इथे एका कप्प्यात एकच, कारण एका पिकमिनला एकच देठ.

तेच मिश्रण. कात्री प्रत्येक मातृरोपानंतर अल्कोहोलने पुसली. खोचल्यावर बोटाने दाबलं नाही, वरून बारीक झारीने पाणी घालून माती बसवली.

२७ मार्च

१४४ पैकी १३७ नी मुळं धरली. झाकण सातव्या दिवशी काढलं होतं. आजपासून ट्रे दिवसा बाल्कनीत, रात्री आत. पहिले चार दिवस जाळीखाली.

पाणी वजनावर देणार. भरपूर भिजून निथळलेला ट्रे २.२ किलो, १.५ किलोला आला की पाणी द्यायचं. स्वयंपाकघरातला वजनकाटा चालतो. ही उठाठेव वाटेल, पण बाकोपाच्या बाबतीत हेच एक खात्रीचं माप आहे, कारण हे झाड तहान दाखवत नाही. बाल्सम किंवा पेटुनिया पाणी तुटलं की पानं लोंबकळवतात, माणसाला कळतं. बाकोपाची पानं ताठच राहतात, आणि दोन दिवसांनी सगळ्या कळ्या-फुलं एकदम गळतात.

१२ एप्रिल. सगळी कळी गळाली

आणि नेमकं तेच झालं. पाणी मधे ठिबकच्या टायमरवर सोपवलं होतं. त्याची बॅटरी गुरुवारी संपली, शनिवारी कळलं. ट्रेचं वजन १.१ किलो. पानं हिरवी, ताठ, वरवर पाहता रोपं उत्तम. हाताने ट्रे हलवला तर शंभरेक कळ्या फरशीवर. फूल नळीसारखं जोडलेलं असल्याने पाकळ्या सुट्या पडत नाहीत, आख्खं फूल देठावरून निसटतं.

खेळातही पिकमिनला मार बसला की फूल गळून तो पुन्हा पान होतो. इतकं जुळायला नको होतं.

नवी कळी यायला दोन ते तीन आठवडे. २९ एप्रिल गेला. नवी तारीख ५ मे, जपानचा बालदिन. तोवर ‘पान’ अवस्थेची रोपं जास्त मांडावी लागली तरी चालतील.

केलेले बदल: टायमर काढला, पाणी हाताने. ट्रे खालून भिजवला, म्हणजे ३ सेंमी पाण्याच्या थाळीत वीस मिनिटं. पूर्ण सुकलेला पीट वरून घातलेलं पाणी झटकून टाकतो, पाणी कडेने वाहून जातं आणि प्लगचा गाभा कोरडाच राहतो. लगेच खत दिलं नाही. कोरड्या मुळांवर खताचं पाणी गेलं तर पानांच्या कडा जळतात. चार दिवसांनी ५०० पटीचं सुरू.

१९ एप्रिल. मांडणीचा खोका

आतली मापं ९० × ४५ सेंमी, खोली ८ सेंमी. ६ सेंमी अंतराने १५ × ७ म्हणजे १०५ जागा. पाच मोकळ्या जागांत ऑलिमार आणि त्याच्या मोडलेल्या यानाचे तुकडे. खेळात तुकडे ३० आहेत, इथे चारच, नाहीतर भंगाराचं दुकान होईल.

बुडाला दर १५ सेंमीवर ६ मिमी भोक, वर जाळी. माती २८ लिटर. ओली झाल्यावर खोक्यासकट वजन २५ किलोच्या वर जातं. आधी जागेवर ठेवून मग भरावं, उचलायला दोघं लागतात. बाल्कनीत शेजारच्या घराकडची पातळ फळी आणि फरशीतलं सुटकेचं झाकण ही दोन्ही आपत्काळातली वाट असते, तिथे काही ठेवायचं नसतं. म्हणून खोका कठड्याच्या बाजूला आला आणि वारा वाढला. कडेने १० सेंमी उंच पारदर्शक पट्टी लावली.

२९ एप्रिल

पहिल्या पांढऱ्या कळ्या, गळतीनंतर सतराव्या दिवशी. आता हवा १५ ते २२ अंशांत आहे, याहून चांगली वेळ या झाडाला नाही.

३ मे. लावणी

१३७ मधली ११९ वापरण्याजोगी होती. लावायचा क्रम ठरलेला: प्लग जागेवर, मातीच्या पातळीला, खोल नाही. खालच्या दोन जोड्या चारी बाजूंना पसरवायच्या. मग अंग मागच्या फटीतून सरकवायचं, फट भिंतीकडे. शेवटी वरची छाटणी. आधी छाटून मग अंग चढवायला गेलं तर हात फुलाला लागतो.

मातीवर बारीक कानुमाचा (हलके पिवळसर ज्वालामुखी खडे) पातळ थर, खालची पानं थोडी झाकली जातील इतकाच. शेवाळ वापरून पाहिलं होतं. ओल धरून देठाशी बुरशी आणतं, काढलं.

दोघांना १०० रोपांना साडेपाच तास लागले. १९ राखीव ट्रेमध्ये.

५ मे. पहिला दिवस

पान ५८, कळी २३, फूल १९. ठरवलं होतं ४०-३०-३०. खेळात जमिनीत पुरलेला पिकमिन उपटला नाही तर आपोआप पानाची कळी आणि कळीचं फूल होतो. तसंच सांगून टाकलं, कोणी हरकत घेतली नाही.

मुलांना हात लावू द्यायचा की नाही यावर चर्चा झाली. खेळाचा गाभाच उपटणं आहे. उपटण्यासाठी वेगळी कुंडी ठेवली, राखीवमधली ८ रोपं, सैल व्हर्मिक्युलाइटमध्ये. त्यातून निघालेली रोपं परत खोचली तरी जगतात, दिवसाला दोनदा उपटली तर नाही जगत.

११ मे

पान ४१, कळी २६, फूल ३३. कळी पांढरी दिसल्यापासून उमलायला दीड ते दोन दिवस. उमललेलं फूल सहा-सात दिवस टिकतं, मग आख्खं गळतं. गळलेलं फूल मातीवर पडू दिलं की एका रात्रीत राखाडी बुरशी धरतं आणि शेजारच्या देठाला लागते. रोज सकाळी चिमट्याने वेचणं, हे सगळ्या कामांत सर्वात महत्त्वाचं.

फूल गळलेल्या देठाच्या टोकाला पुढे काही येत नाही, कारण शेंडा आपणच कापलेला आहे. तो देठ जमिनीलगत कापून, खालून आलेला फुटवा अंगातून वर घ्यायचा. फुटवा ५ सेंमी व्हायला १२-१३ दिवस लागतात. म्हणून रोज चार-पाच पिकमिन ‘जमिनीखाली’ जातात. त्या जागी अंग आडवं ठेवायचं.

१८ मे

फुलं ४४, आतापर्यंतचा उच्चांक. मागच्या ओळीतली निळी अंगं दुपारच्या उन्हात तापतात, हात लावला तर जाणवतं. गडद रंग, आत देठ. तीन देठ अंगाच्या वरच्या कडेशी सुकले. अकरा ते तीन जाळी लावली. पुढच्या वेळी निळे सावलीकडे आणि पिवळे उन्हाकडे.

२४ मे. पांढरी माशी

खालच्या पानांमागे पिल्लं. पिवळे चिकट सापळे दोन लावले, साबणाचं द्रावण पाच दिवसांच्या अंतराने तीनदा. एकदाच मारून भागत नाही, साबण अंड्यांना मारत नाही. फवारणी संध्याकाळी, आणि उमललेल्या फुलांवर नाही. साबणाने पाकळ्या पारदर्शक होतात.

३ जून. तिसावा दिवस

पान ३७, कळी १५, फूल २२, जमिनीखाली १४, मेलेले १२. मेलेल्यांतले ५ बुरशीने, ३ तापलेल्या अंगामुळे, २ मूळकुजीने (खोक्याच्या एका कोपऱ्यातलं भोक कानुमाने बुजलं होतं), २ वाऱ्याने.

७ जून. उतरवणी आणि पावसाळ्याची तयारी

त्सुयू, म्हणजे इथला जूनचा पावसाळा, तोंडावर आहे. बाकोपाला त्याचा उकाडा सोसत नाही. दाट पानांत ओल अडकून मधूनच रोप कुजतं. त्यानंतर ३० अंशांवरचा उन्हाळा, तेव्हा फुलणं थांबतं. म्हणून अंगं काढून, साबणाच्या पाण्याने धुऊन, रंगवार डब्यात. जगलेली रोपं तीनतीन करून १२ सेंमीच्या कुंड्यांत, जमिनीपासून ५ सेंमीवर छाटून, पाऊस लागणार नाही अशा सावलीत. खत सप्टेंबरपर्यंत बंद.

वाटलेल्या कुंड्या २१. सोबतच्या चिठ्ठीवर: कुंडी उचलून वजन पाहा, पानं पाहून पाणी देऊ नका. ब्राह्मी नाही.

पुण्या-नाशकाकडे हेच करायचं असेल तर वेळापत्रक उलटं: ऑक्टोबरात लावणी, डिसेंबर-जानेवारीत मांडणी, मार्चअखेर आटोपतं घ्यायचं. छाटेसाठी रोप मिळालं नाही तर ‘स्नोटोपिया’ हा पांढरा बाकोपा बियांपासून होतो. बी गोळीसारखं वेष्टित असतं, मातीवर नुसतं ठेवायचं, पुरायचं नाही, आणि वेष्टण विरघळेपर्यंत वरून ओलं ठेवायचं.

८ जून. पुढच्या खेपेसाठी राहिलेलं

अंगाचं भोक ६ ऐवजी ७ मिमी. फट मागे आहे ती बाजूला, कारण फुटवा वर घेताना मागून हात जात नाही. मातृरोपं १२ ऐवजी ८ पुरतील. कानुमा चाळून, धूळ काढून. दोन टायमर घ्यायचा विचार झाला होता, तो रद्द, त्याऐवजी दुसरा वजनकाटा.